समूहात गायला नव्याने आलेल्यांसाठी

पहिले काही दिवस गाण्यापेक्षा ऐका जास्त. आपला आवाज पोचतोय का, ही काळजी सोडा. शेजारचा श्वास कधी घेतो ते कानात साठवा. सूर लागण्याआधी सगळ्यांचा मिळून एक बारीक श्वास ऐकू येतो. मला आजही त्या क्षणी अंगावर काटा येतो. स्वीडनमध्ये समूहगायकांवर अभ्यास झाला होता, 2013 साली प्रसिद्ध झाला. एकत्र गाताना श्वास जुळतात आणि त्याबरोबर हृदयाच्या ठोक्यांचा चढउतारही जुळत जातो, असं त्यात दिसलं.

सूर जुळवताना एक खूण लक्षात ठेवा. एक आवाज 440 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 440 कंपनांवर, आणि दुसरा 442 वर असेल, तर सेकंदाला दोनदा आवाज लहानमोठा होतो, हेलकावा ऐकू येतो. डोळे मिटून आपला सूर हळूहळू दुसऱ्या सुराकडे सरकवत न्या. हेलकावा मंदावतो, मग थांबतो, आणि दोन गळे वेगळे ओळखूच येत नाहीत. घाई मात्र करू नका.

आणि पहाटे बाहेर पडा. हेडफोन घरीच ठेवा. पक्षी एकदम सुरू होत नाहीत. आधी एखादाच, मग दुसरा, आणि उजाडेपर्यंत सगळं रान बोलतं. बहुतेक वेळा ते हद्द सांगत असतात, जोडीदाराला बोलावत असतात. त्यातली एकच शीळ निवडा, गुणगुणून पाहा. ती आपल्या सप्तकात नीट बसणार नाही. बसवू नका, तशीच ऐका. तालमीला याल तेव्हा शेजारच्याचा आवाजही तसाच ऐका.