घसा दुखला तर गोळी थांबवा

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

पोटभर जेवूनही दोन महिन्यांत चार किलोंनी उतरलेल्या आणि झोपेतही नाडी शंभराच्या खाली न येणाऱ्या त्या तेरा वर्षांच्या मुलीला ग्रेव्हज आजार (शरीराचीच प्रतिपिंडे थायरॉइड ग्रंथीला जादा काम करायला लावतात तो) आहे, हे तुझे निदान मला पटते. थायरॉइडला काम सांगणारा टीएसएच जवळजवळ शून्य, थायरॉइडचे स्वतःचे हार्मोन टी-थ्री व टी-फोर वाढलेले आणि टीएसएच रिसेप्टरविरोधी प्रतिपिंडे पॉझिटिव्ह असताना स्कॅनची गरज नव्हतीच.

शाळेने तिला चंचल ठरवले असेल, तर तिची वही मागवून घे. माझ्याकडच्या एका मुलीच्या वहीत जूनमधली अक्षरे ओळीवर नीट बसलेली होती आणि दिवाळीनंतर तीच अक्षरे थरथरत ओळीच्या वर-खाली गेली होती; आईने वही पुढे केली, तेव्हा पसरलेल्या बोटांवर कागद ठेवून कंप पाहण्याचे काही कारणच उरले नाही.

थायरॉइडचा वेग कमी करणारे कार्बिमाझोल योग्यच आहे. त्याच कामाच्या प्रोपिलथायोयुरासिलकडे मात्र वळू नकोस. त्याने मुलांचे यकृत निकामी झाल्याचे आढळल्यावर अमेरिकेच्या औषध नियामकाने 2010 मध्ये त्यावर ठळक इशारा छापायला लावला. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल देण्यापूर्वी दम्याची विचारपूस कर.

मला सर्वाधिक काळजी वाटते ती रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची. कार्बिमाझोलने त्या क्वचितच, पण एकाएकी कोसळतात, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत, आणि तेव्हा घरचे लोक ‘हवा बदलली असेल’ म्हणून दोन दिवस हळद-दूध देत बसतात. म्हणून औषधापूर्वीच सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) व यकृताची तपासणी करून ठेव, आणि केसपेपरवर लाल शाईने लिही: ताप आला, घसा दुखला किंवा तोंड आले, तर गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी सीबीसी करायची. हे वाक्य आईकडून तिच्या शब्दांत वदवून घेतल्याखेरीज त्यांना जाऊ देऊ नकोस.

डोस ठरवताना पहिले काही महिने टीएसएचच्या मागे लागू नकोस. टी-फोर काही आठवड्यांत उतरतो, टीएसएच मात्र कित्येक महिने दबलेलाच राहतो. हे ठाऊक असूनही मी एकदा नुसत्या टीएसएचकडे पाहून डोस वाढवला आणि सहा आठवड्यांनी ती मुलगी, थायरॉइड फारच मंदावल्याने, सुजलेल्या चेहऱ्याने, पेंगत समोर येऊन बसली. ती चूक माझी होती, आणि तिच्या आईसमोर मी ती कबूल केली.

दोन वर्षांच्या उपचारानंतर औषध कायमचे सुटणारी मुले तिघांत एकही भरत नाहीत. पालकांना हे पहिल्याच भेटीत सांग, म्हणजे गोळ्या अनेक वर्षे चालल्या तरी त्यांना फसवणूक वाटणार नाही. रेडिओआयोडीन (थायरॉइड नष्ट करणारे किरणोत्सारी आयोडीन) किंवा शस्त्रक्रियेचा विचार त्यानंतरचा. आणि शस्त्रक्रियाच ठरली, तर थायरॉइडवर नेहमी हात चालणाऱ्या सर्जनकडेच पाठव.

आणखी एक. औषध लागू पडले की वजन परत येते, आणि या वयाच्या मुली त्या भीतीने गोळ्या गुपचूप बंद करतात. तेव्हा पुढच्या भेटीत आईला थोडा वेळ बाहेर बसवून तिच्याशी बोल, वजन का वाढेल ते तिलाच समजाव, आणि गोळ्या चुकतात का हे रागावून नव्हे, सहज विचार. टी-फोरचा रिपोर्ट आला की मला कळव.

तुझे,
सर