सातव्या वर्षी छातीत गाठ लागली, तर वाट पाहायची का?

प्रश्न: माझी मुलगी ७ वर्षं ८ महिन्यांची आहे, दुसरीत शिकते. आम्ही घोडबंदर रोडला राहतो. पंधरा दिवसांपूर्वी आंघोळ घालताना तिच्या डाव्या स्तनाग्राखाली बटणासारखी गाठ हाताला लागली. दाबलं की दुखतं म्हणते. जूनमध्ये शाळेच्या कार्डावर उंची १२० सेंमी होती, आता जानेवारीत १२५ भरली. सासूबाई म्हणतात, अंगात उष्णता झालीय, दूध-अंडी बंद कर. मिस्टर म्हणतात, हल्ली सगळ्याच मुली लवकर मोठ्या होतात. शेजारच्या काकू म्हणाल्या, यावर इंजेक्शनं देतात, पण त्यानं पुढे मूल होत नाही. माझी झोप उडाली आहे. काय करू? — एक आई, ठाणे

ताई, आधी त्या गाठीचं बोलू. स्तनाग्राच्या बरोबर खाली, बटणाएवढी, कडकसर, दाबल्यावर दुखणारी गाठ ही बहुतेक वेळा स्तनाची पहिली कळी असते. एक बाजू आधी येते, दुसरी काही महिन्यांनी, हेही नेहमीचंच. कॅन्सरची भीती मनातून काढून टाका. रोज दाबून पाहू नका, तिला दुखतं आणि ती घाबरते. गाठ कापून काढायचा सल्ला कुणी दिला तर मुळीच मानू नका. त्या कळीतूनच पुढे स्तन वाढतो, ती काढली तर ती बाजू कायमची सपाट राहते. गुटगुटीत मुलींच्या छातीवर नुसती चरबीही असते, पण ती मऊ लागते, तिला कडा नसते.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. गेल्या काही दशकांत मुलींमध्ये ही सुरुवात अलीकडे सरकली आहे. तरी डॉक्टर अजूनही मुलींसाठी ८ वर्षं आणि मुलांसाठी ९ वर्षं ही रेघ धरतात. त्याआधी वयात येण्याची खूण दिसली तर तपासणी व्हायलाच हवी. (मुलग्यांमध्ये आधी वृषणं मोठी होतात. त्यांच्यात मेंदूतलं कारण सापडण्याची शक्यता जास्त, म्हणून तिथे तर एक दिवसही टाळू नये.) तुमची लेक रेघेच्या अलीकडे आहे, आणि तिची उंची ७ महिन्यांत ५ सेंमी वाढली आहे. म्हणजे वर्षाला साडेआठ सेंमीचा वेग. या वयात ५ ते ६ सेंमी अपेक्षित असतात.

पण शाळेतलं माप बऱ्याचदा बूट घालून घेतलेलं असतं, त्यामुळे एकदा घरी नीट मोजा. अनवाणी, वेणी-क्लिप सोडून, टाचा, कुल्ले आणि पाठ भिंतीला टेकवून, नजर समोर. डोक्यावर जाड पुस्तक काटकोनात धरा आणि भिंतीवर पेन्सिलीची खूण करा. सकाळीच मोजा, कारण संध्याकाळपर्यंत मूल जवळपास १ सेंमी कमी भरतं. दर तीन महिन्यांनी पुरे.

खरा प्रश्न हाडांचा आहे. वयात येताना वाढणारं इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन आधी उंची झपाट्यानं वाढवतं आणि मग हाडांच्या टोकांना असलेल्या वाढीच्या पट्ट्या लवकर बंद करतं. आज वर्गात सगळ्यांत उंच दिसणारी मुलगी म्हणूनच मोठेपणी बुटकी राहू शकते. छातीची कळी दिसल्यापासून साधारण दोन-अडीच वर्षांत पाळी येते आणि पाळीनंतर उंची बहुधा ५ ते ७ सेंमीच वाढते. हिशेब करा, म्हणजे वाट का पाहू नये ते कळेल.

येत्या दोन-तीन आठवड्यांत तुमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि मुलांच्या हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे, म्हणजे पीडियाट्रिक एंडोक्रायनोलॉजिस्टकडे चिठ्ठी मागा. खाजगीत परवडत नसेल तर परळच्या वाडिया बाल रुग्णालयात ही सोय आहे, ठाण्याहून स्लो लोकलनं परळला उतरता येतं. बरोबर लसीकरणाचं कार्ड, आजवरची उंची-वजनाची मापं, तुम्हा दोघांची प्रत्यक्ष मोजलेली उंची आणि तुमची पहिली पाळी वयाच्या कोणत्या वर्षी आली ते लिहून न्या. घरात कुणी हार्मोनची जेल, मलम किंवा गोळ्या वापरत असेल तर तेही सांगा. मोठ्यांच्या हातावरचं मलम मुलीच्या अंगाला लागूनही असे बदल होऊ शकतात.

तिथे बहुधा डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढतील. त्यावरून हाडांचं वय कळतं. सकाळच्या रक्तात एलएच (अंडाशयांना जागं करणारं हार्मोन) आणि थायरॉइड पाहतील, पोटाची सोनोग्राफी करतील. मेंदूचा एमआरआय सहा वर्षांखालच्या मुलींना आणि सगळ्या मुलग्यांना सांगतात, बाकीच्या मुलींना गरजेनुसार. आई-वडिलांच्या उंचीवरून मुलीची अपेक्षित उंचीही काढतात: दोघांची बेरीज, वजा १३, भागिले २. आई १५४ आणि वडील १६८ असतील तर १५४.५, आणि त्याच्या ८ सेंमी अलीकडे-पलीकडे. कधीकधी नुसती छातीची कळी येते आणि सगळं तिथेच थबकतं. तसं निघालं तर दर तीन-चार महिन्यांनी दाखवणं एवढंच काम. मात्र सकाळची डोकेदुखी आणि उलटी, डोळ्यांना नीट न दिसणं, फिट किंवा योनीतून रक्त, यातलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका.

आता इंजेक्शनचं. मेंदूकडून त्याच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीला ठरावीक अंतरानं ठोके मिळतात, तेव्हाच ती अंडाशयांना जागं करते. ल्युप्रोलाइडसारखं औषध तोच निरोप अखंड देत राहतं, त्यामुळे ग्रंथी दाद देईनाशी होते आणि सगळं थांबतं. औषध महिन्याला किंवा तीन महिन्यांनी देतात. तारीख चुकली की गाडी पुन्हा चालू होते, त्यामुळे मे महिन्यात गावी जातानाही डोस सांभाळायचा. पहिल्या डोसनंतर थोडं रक्त जाऊ शकतं, त्यानं घाबरू नका. साधारण अकराव्या वर्षाच्या आसपास बंद केल्यावर बहुतेक मुलींना वर्ष-दीड वर्षात पाळी येते. मूल होण्याची क्षमता त्यानं जाते असं दिसलेलं नाही, हे काकूंना शांतपणे सांगा. सहा वर्षांआधी सुरू केलं तर उंचीला फायदा जास्त, आठनंतर कमी. तुमच्या मुलीचं वय मधलं आहे, म्हणून द्यायचं की नाही हे हाडांच्या वयावरून आणि वेगावरून ठरू द्या. आणि गौरी-गणपतीला पाळी पुढे ढकलायला मिळतात त्या गोळ्या हे औषध नव्हे. मुलीला त्या कधीही देऊ नका.

सासूबाईंशी भांडू नका, पण दूध-अंडी बंद करू नका. त्यानं वयात येणं थांबत नाही, वाढीच्या मुलीची प्रथिनं आणि कॅल्शियम मात्र तुटतं. दिवसाला दोन कप दूध, एक अंडं, वरण, उसळ राहू द्या. वजन जास्त असेल तर ते खरंच कारण ठरू शकतं, कारण चरबीतही इस्ट्रोजेन तयार होतं. अशा वेळी बिस्किटं, फरसाण, गोड पेयं कमी करा आणि रोज तासभर पळू द्या. उपासमार नको.

तिच्याशी बोलणं मात्र आजच व्हायला हवं. शरीर दहाचं दिसलं तरी मन साडेसातचंच आहे. मोठी माणसं उगाच समंजसपणाची अपेक्षा ठेवतात, वर्गातली मुलं चिडवतात, आणि नको तो स्पर्श करणारा माणूसही अशीच मुलगी हेरतो. 'आता मोठी झालीस, खेळू नकोस' हे घरात कुणीही म्हणायचं नाही. साधं सांगा: 'तुझं शरीर मोठं व्हायला लागलंय, जरा लवकर, म्हणून डॉक्टर बघणार आहेत. तुझं काही चुकलेलं नाही. छातीला आई, बाबा किंवा आईसमोर डॉक्टर सोडून कुणी हात लावला तर लगेच मला सांगायचं, मी रागावणार नाही.' चेंडू लागून दुखतं म्हणून आत मऊ सुती शमीज घाला, ब्रा आत्ता नको. वर्गशिक्षिकांना एकांतात कल्पना द्या, आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक पॅड व जास्तीची चड्डी ठेवून ती कशासाठी आहे ते तिला दोन वाक्यांत सांगून ठेवा.