बॉब होपची गजाल खरी की थाप?

प्रश्न : आमच्या वाडीत एक रिटायर्ड सुभेदार काका आहेत, संध्याकाळी देवळाकडे बसून त्यांच्या गजाली चालू असतात. परवा म्हणाले, अमेरिकेचा बॉब होप म्हणून एक कॉमेडियन होता, तो पन्नास वर्षं परदेशातल्या सैनिकांना हसवत फिरला, लढाई चालू असताना पण. पोरांनी त्यांना वेड्यात काढलं. खरं आहे का हे? आणि फुकट करायचा का?
– एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : पोरांना सांगा, काकांचं बरोबर आहे. १९४१ च्या मे महिन्यात होपने आपला रेडिओ शो कॅलिफोर्नियातल्या मार्च फील्ड या लष्करी तळावर नेला, आधी त्याची कुरकुरच होती, पण तिथल्या पोरांचा हशा ऐकला आणि गडी तिथेच अडकला. मग १९४३ ला इंग्लंड, उत्तर आफ्रिका, सिसिली, पुढच्या वर्षी पॅसिफिकमधली बेटं, नंतर कोरिया, आणि १९६४ ते १९७२ दर नाताळला व्हिएतनाम. १९९० च्या नाताळात आखाती युद्धाच्या तोंडावर सौदीच्या वाळवंटात गेला तेव्हा वय ८७! एकूण ५७ दौरे.

त्याची खरी करामत म्हणजे शोच्या आधी तळावरची सगळी कुलंगडी गोळा करायची, कुठला साहेब खडूस, मेसचं जेवण कसं, आणि रात्री स्टेजवर हातात गोल्फची काठी घेऊन त्यावरच जोक. आपल्या दशावतारातला संकासुर गावातल्या बड्यांना चिमटे काढतो ना, तसंच. हॉस्पिटलच्या वॉर्डात शिरला की हातपाय बांधून पडलेल्या जखमी पोरांना म्हणायचा, "अरे उठू नका, उठू नका!" दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मार खाल्ला असता.

१९६४ ला व्हिएतनाममधल्या सायगाव शहरात तो पोचायच्या थोडंच आधी त्याच्या मुक्कामाजवळच्या ब्रिंक्स हॉटेलात बॉम्ब फुटला, तरी शो झालाच आणि त्यात त्या बॉम्बवर पण जोक.

आता फुकटचं. हेच नाताळचे शो एनबीसी या अमेरिकन टीव्ही चॅनलवर स्पेशल म्हणून लागायचे, जाहिरातदार असायचे, टीआरपी तुफान, त्यामुळे निव्वळ समाजसेवा म्हणणं जरा जास्तच होईल, माणूस बक्कळ श्रीमंत होता. व्हिएतनाम युद्धाच्या बाजूने बोलायचा म्हणून शेवटी शेवटी काही सैनिकांनी त्याची हुर्यो पण उडवली. पण ८७ व्या वर्षी वाळवंटातली धूळ खायला नुसत्या टीआरपीसाठी कोण जातंय, मला तरी ते पटत नाही. १९९७ मध्ये अमेरिकन काँग्रेसने ठराव करून त्याला मानद माजी सैनिक केलं. २००३ ला गेला, शंभरी पूर्ण करून.

आणि आपल्याकडे कोण असं विचारलंत तर सुनील दत्त-नर्गिस. त्यांचा अजंता आर्ट्सचा ग्रुप सीमेवर जवानांपुढे कार्यक्रम करायचा. तुमच्या सुभेदार काकांनी किंवा कोकणातल्या आणखी कुणी नोकरीत असताना असा एखादा शो बघितला असेल तर जरूर लिहून पाठवा, पुढच्या अंकात छापू.