घरी बांधलेल्या विमानाच्या ब्रेकसाठी कोणती नळी भरवशाची?

किटसोबत आलेली नायलॉनची नळीच वापरावी, की अ‍ॅल्युमिनियमची किंवा जाळीदार होज (लवचिक नळी) घ्यावी, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते एकच प्रकार शेवटपर्यंत नेण्याचा हट्ट धरू नये. सांगाड्याच्या ज्या भागात काहीच हलत नाही, तिथे पाव इंची 5052-ओ या मऊ मिश्रधातूची अ‍ॅल्युमिनियमची नळी उत्तम काम देते. मात्र पेडलवरचे मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर तेल ढकलणारे) सतत हलतात आणि चाकाजवळचा कॅलिपर (ब्रेकच्या डिस्कला पकडणारा भाग) थरथरतो, तिथे हीच ताठ नळी हळूहळू ठिसूळ होऊन फ्लेअरच्या (जोडणीसाठी पसरवलेल्या नळीच्या तोंडाच्या) मुळाशी तडकते, म्हणून त्या दोन्ही ठिकाणी स्टेनलेस स्टीलच्या जाळीचे आवरण असलेली टेफ्लॉनची होज लावावी. नायलॉन हलके आणि स्वस्त आहे, पण विमान जमिनीवर लांबवर चालवल्यानंतर (टॅक्सी) तापलेल्या डिस्कशेजारी ते मऊ पडते. त्यातून गळलेले तेल त्याच डिस्कवर पडून पेटू शकते, त्यामुळे चाकाजवळ मी ते मुळीच वापरणार नाही.

फ्लेअर 37 अंशांचाच हवा. मोटार गॅरेजमधले हत्यार बहुधा 45 अंशांचे असते आणि त्याने केलेला फ्लेअर विमानात वापरल्या जाणाऱ्या एएन प्रमाणाच्या फिटिंगवर (जोडणीवर) नीट बसल्यासारखा दिसतो, पण दाब येताच पाझरू लागतो.

तेल कोणते, हेही आधी पाहावे: ब्रेकमधले सील ब्यूना-एनचे (नायट्राइल रबराचे) असतील, तर एमआयएल-एच-5606 हे लाल खनिज तेलच भरावे, कारण मोटारीच्या डॉट 3 किंवा डॉट 4 तेलाने ते सील खराब होतात.