आंतरराष्ट्रीय शाळेत मुलं आपापल्या भाषेच्या घोळक्यातच बसतात. शिक्षकाने काय करावं?

तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझं पहिलं वर्ष आठवलं. तुमच्या वर्गात ११ देशांची मुलं आहेत, शाळा दरवर्षी थाटात आंतरराष्ट्रीय दिन साजरा करते, तरी मधली सुट्टी झाली की ज्याची जी भाषा त्या घोळक्यात तो जाऊन बसतो. हे घोळके कसे मोडायचे, असं तुम्ही विचारलंय. मी १६ वर्षं अशा शाळांमध्ये शिकवते आहे, आणि माझं पहिलं सांगणं हेच की ते मोडू नका.

दिवसभर परक्या भाषेत ऐकायचं, परक्या भाषेत शब्द जुळवायचे, चुकलो तर सगळे हसतील म्हणून अर्धं गिळायचं. मूल अक्षरशः दमतं. मधल्या सुट्टीतली ती २० मिनिटं त्याचा विसावा असतो. मी जिथे सुरुवात केली त्या शाळेत आवारात इंग्रजीशिवाय काही बोलायचं नाही असा नियम होता आणि मीही तो कसोशीने पाळायला लावायचे. त्याने मुलं एकमेकांत मिसळली नाहीत, गप्प झाली. एक मुलगी बाकावर डोकं टेकून बसली होती. मी तिला ‘सरळ बस’ म्हटलं. तिचं पोट दुखत होतं. ते इंग्रजीत कसं सांगायचं हे तिला सुचेना, आणि शेजारच्या मैत्रिणीला आपल्या भाषेत सांगायची मुभा मीच ठेवली नव्हती. ती खंत अजून गेलेली नाही.

भाषेचं आणखी एक, जे पालकांनाही नीट समजावून सांगायला हवं. जिम कमिन्स या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकाने १९७९ साली एक फरक मांडला. रोजच्या बोलण्याची भाषा मूल साधारण दोन वर्षांत उचलतं. पण ‘कारणे द्या’, ‘तुलना करा’ असल्या प्रश्नांना लागणारी अभ्यासाची भाषा बरोबरीच्या मुलांइतकी यायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणून मैदानावर फाडफाड बोलणारा मुलगा निबंधात अडखळला की स्टाफरूममध्ये त्याला आळशी ठरवलं जातं, आणि ते त्याच्यापर्यंत पोचतंच. त्याला पहिला खर्डा त्याच्या भाषेत लिहू द्या. आयबी डिप्लोमात, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या शेवटच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात, तर शाळेत शिक्षक नसला तरी विद्यार्थ्याला आपल्या भाषेतलं साहित्य स्वयंअध्ययनाने शिकता येतं. पुष्कळ पालकांना याची कल्पनाच नसते.

आता मिसळण्याचं. बाकांची अदलाबदल करून मुलं शेजारी येतात, जवळ येत नाहीत. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली लिहून ठेवलंय की दोन गटांमधला पूर्वग्रह नुसत्या संपर्काने कमी होत नाही. दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवं, ते एकमेकांच्या मदतीने गाठायचं असावं आणि वरच्यांचा त्याला मनापासून पाठिंबा हवा. यावर वर्गात चालणारी सगळ्यात चांगली युक्ती म्हणजे जिगसॉ. १९७१ साली टेक्ससमधल्या ऑस्टिन इथे, गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना एकाच वर्गात आणल्यावर तणाव वाढला, तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बसवली. पाठाचे तुकडे करायचे, गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा द्यायचा. सगळ्या गटांतले एकाच तुकड्याचे मानकरी आधी एकत्र बसून तो पक्का करतात आणि मग आपापल्या गटाला शिकवतात. परीक्षा मात्र पूर्ण पाठावर. म्हणजे समोरच्याचं ऐकल्यावाचून गत्यंतर नाही.

नदीच्या पाठात मी त्रिभुज प्रदेश हा तुकडा अशा मुलाला दिला, जो चार महिने मान हलवण्यापलीकडे बोलला नव्हता. त्याची पाळी आली. दोन शब्द बोलून तो थांबला. गटातली एक चुणचुणीत मुलगी त्याचं वाक्य स्वतःच पुरं करायला लागली, तेही चुकीचं. त्याने जोरात मान हलवली, वही तिरकी धरली, टोकयंत्रातला पेन्सिलीचा भुगा वहीच्या खालच्या कडेला ओतला आणि बाटलीतलं पाणी वरून सोडलं. भुग्यापाशी पाणी अडलं, फाटे फुटले. वही भिजली, बाक भिजला. शेजारच्या गटातली मुलं उठून बघायला आली. मग तो बोलला, एकेक शब्द, आणि कुणी मध्ये तोंड घातलं नाही.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत तो पुन्हा आपल्या घोळक्यातच गेला. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी ती मुलगी वही घेऊन त्या घोळक्यात जाऊन बसली. मला एवढंच हवं होतं. मात्र हे एकदा करून भागत नाही. महिना-दीड महिना सातत्याने केलंत तरच मुरतं.

आंतरराष्ट्रीय दिनाला माझा विरोध नाही. पण झेंड्यांच्या टेबलांमध्ये गोंधळून उभं राहिलेलं एक तरी मूल तुम्हाला दिसेल. आई एका देशाची, वडील दुसऱ्या देशाचे, आणि बालपण तिसऱ्याच देशात. समाजशास्त्रज्ञ रूथ यूसीम यांनी १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना अशा मुलांसाठी ‘थर्ड कल्चर किड्स’ हा शब्द वापरला. या मुलाला ‘तू कुठला’ विचारू नका. ‘कुठे कुठे राहिलास, तिथलं काय आठवतं’ विचारा. तो बोलत सुटेल.

आणि नावं. हजेरी घेण्याआधी प्रत्येकाकडून त्याचं नाव म्हणवून घ्या आणि तसंच्या तसं म्हणा. तुमच्या सोयीसाठी ते तोडू नका.

शेवटचा मुद्दा निरोपाचा, ज्याकडे शाळा सर्रास दुर्लक्ष करतात. नव्याचं स्वागत होतं, जाणारा मात्र एका शुक्रवारी निघून जातो. अशा देशोदेशी फिरणाऱ्या मुलांवर काम करणारे डेव्हिड पोलॉक यांनी जाणाऱ्यासाठी चार गोष्टी सांगितल्या आहेत: भांडणं मिटवणं, ज्यांनी जीव लावला त्यांना तसं सांगणं, नीट निरोप घेणं आणि पुढच्या ठिकाणाचा विचार सुरू करणं. मी त्यासाठी आठवडाभर आधीपासून रोज थोडा वेळ ठेवते. त्यात मागे राहणाऱ्यांनाही बोलू देते. दर वर्षी जिवलग मित्र जात असला की मूल चौथ्या वर्षी नवी मैत्री करायचंच सोडतं. तुम्हाला जे घोळक्यातलं मूल तुटक वाटतंय, ते कदाचित याच कारणाने दूर राहत असेल.

तुम्ही कोणता विषय शिकवता ते लिहिलं नाहीत. ते कळवा आणि पुढच्या पंधरवड्यातला एखादा पाठ सांगा. त्याचे तुकडे कसे पाडायचे ते आपण इथेच मिळून ठरवू.