अंकवेध : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या सदाशिव पेठेचा पिनकोड ४११०३० आहे. नववीतल्या नातीने त्याची ९० × ४५६७ अशी फोड केली आणि क्रमाने आलेले अंक पाहून ही संख्या खास असल्याचे ठरवून टाकले. गणिताच्या दृष्टीने हे कितपत खरे आहे? — एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : फोड अचूक आहे. ४५६७ ला ६७ पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने पूर्ण भाग जात नाही, आणि ६८ चा वर्ग ४६२४ असल्यामुळे त्यापुढे पाहण्याची गरज नाही. म्हणजे ४५६७ ही मूळ संख्याच आहे. त्यामुळे ४११०३० = २ × ३² × ५ × ४५६७, आणि घातांकांत प्रत्येकी १ मिळवून गुणाकार केला, की २ × ३ × २ × २ असे २४ विभाजक मिळतात.

संख्या स्वतः वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज ६,५७,८८२ भरते, म्हणजे ४११०३० पेक्षा बरीच जास्त. पण याचे फार कौतुक नको. ६ ने भाग जाणाऱ्या कोणत्याही संख्येचा निम्मा, तिसरा आणि सहावा हिस्सा मिळून ती संख्याच होते (येथे २०५५१५ + १३७०१० + ६८५०५), त्यामुळे संख्या ६ पेक्षा मोठी असेल, तर विभाजकांतला १ मिळवताच बेरीज तिच्या पुढे जाते. ही संख्या दोन वर्गांच्या बेरजेने मात्र मिळत नाही, कारण ४ ने भागल्यावर ३ उरणारा ४५६७ हा मूळ अवयव तिच्यात एकदाच आला आहे.

नातीला भावलेला अंकांचा क्रम हा संख्येचा नव्हे, आपल्या दशमान लेखनाचा गुण आहे. आठ हा पाया घेऊन तीच ४५६७ लिहिली, तर १०७२७ होते आणि क्रम नाहीसा होतो. म्हणून तो क्षुल्लक ठरतो असे मला वाटत नाही. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी अशाच दशमान गुणांवर आयुष्यभर काम केले. आपल्या अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो, त्या संख्येला त्यांनी हर्षद संख्या म्हटले. आपल्या पिनकोडच्या अंकांची बेरीज ९ असून भागाकार ४५६७० येतो, तेव्हा ती हर्षद आहे. अंकांची बेरीज ९ असली की ९ ने भाग जातोच, या न्यायाने खडकीचा ४११००३, दापोडीचा ४११०१२ आणि पाषाणचा ४११०२१ हेही हर्षदच आहेत.

कापरेकर ज्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, त्याचा पिनकोड ४११००४. त्याच्या अंकांची बेरीज १० आणि शेवटी शून्य नाही, त्यामुळे तो हर्षद नाही. अर्थात पिनकोड १९७२ साली आले, तोवर त्यांच्या विद्यार्थिदशेला चार दशके उलटून गेली होती.