मशीनला नेट नाही, तरी सर्टिफिकेट का संपतं?

प्रश्न : आमचं सीबीसी मशीन इंटरनेटला जोडलेलं नाही, रिपोर्ट फक्त शेजारच्या कॉम्प्युटरवर जातात. दोन दिवस लाईट नव्हती. आता तपासणी होते, पण कॉम्प्युटरवर काही येत नाही, ‘सर्टिफिकेट वैध नाही’ असा मेसेज येतो. मुदत तर पुढच्या वर्षापर्यंत आहे. — लॅब टेक्निशियन, परभणी

उत्तर : आधी मशीनच्या स्क्रीनवरची तारीख बघा. १९७०, १९८० किंवा २००० अशी काही दिसली, तर सर्टिफिकेट ठीक आहे, घड्याळाचा सेल गेलाय. सर्टिफिकेट म्हणजे मशीन आणि कॉम्प्युटरला एकमेकांची ओळख पटवणारी डिजिटल फाइल. तिच्यावर लागू होण्याची आणि संपण्याची अशा दोन तारखा असतात आणि मशीन त्या स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघतं. नेटवरचा कॉम्प्युटर आपलं घड्याळ आपोआप लावून घेतो. तुमच्या मशीनला वेळ सांगायला कुणी नाही. मेसेज पूर्ण वाचा. ‘अजून लागू नाही’ असेल तर घड्याळ मागे आहे. ‘मुदत संपली’ असेल तर मुदत खरंच संपली असेल, नाहीतर घड्याळ पुढे गेलं असेल.

कॉम्प्युटरसारखा बोर्ड असलेल्या मशीनमध्ये बहुधा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा बटण सेल असतो. रात्री मेन स्विच बंद करायची पद्धत असेल तर तो लवकर उतरतो. मशीन वॉरंटीत किंवा एएमसीत असेल तर झाकण स्वतः उघडू नका. पुढच्या व्हिजिटला सेल बदलून घ्या आणि बदलल्याची तारीख मशीनवर चिकटवा. तोवर लाईट गेली की तारीख-वेळ हाताने लावायची.

एक सांभाळा : घड्याळ लावल्याबरोबर मशीन अडकलेले रिपोर्ट एकदम पाठवू शकतं आणि त्यांवर चुकीची तारीख असेल. सॅम्पल नंबर रजिस्टरशी जुळवल्याशिवाय ते पेशंटला देऊ नका.

प्रश्न : सोनोग्राफी मशीनच्या सर्टिफिकेटची मुदत खरोखरच संपली. इंजिनिअर पुण्याहून येईपर्यंत मशीनची तारीख महिनाभर मागे नेली तर चालेल का? — रुग्णालय व्यवस्थापक, अंबाजोगाई

उत्तर : नाही. कनेक्शन लगेच सुरू होईल, म्हणूनच हा मोह वाईट. प्रत्येक इमेजवर मागची तारीख छापली जाईल, ती एफ फॉर्मशी (गर्भवतीच्या सोनोग्राफीची कायद्याने ठेवायची नोंद) जुळणार नाही आणि तपासणीच्या वेळी उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. मुदत संपल्याने साधारणपणे इमेज पाठवायचा रस्ता बंद होतो, स्कॅन थांबत नाही. तेवढे दिवस इमेज मशीनवरच ठेवा आणि लागतील त्या सीडीवर काढा. हार्ड डिस्कवर किती जागा उरली आहे ते मात्र रोज बघा.

प्रश्न : आमच्याकडे अशी बरीच मशीन आहेत. स्वतःचं रूट (बाकीच्यांवर सही करणारं मूळ सर्टिफिकेट) बनवून सर्टिफिकेट देता येतील का? नेमकं कसं? — आयटी विभाग, लातूर

उत्तर : येतील, आणि बंद नेटवर्कसाठी तोच शहाणपणाचा मार्ग. फक्त प्रत्येक कंपनीकडून ‘बाहेरचं सर्टिफिकेट चालेल’ असं लेखी घ्या.

रूटसाठी एक जुना लॅपटॉप चालतो. त्याला नेट कधीच जोडायचं नाही, तो कपाटात कुलूपबंद ठेवायचा, बॅकअप दोन वेगळ्या ठिकाणी. वर्षभर बंद असलेल्या या लॅपटॉपचंही घड्याळ चुकलेलं असू शकतं. सही करण्याआधी तेच तपासा. रूटची मुदत १० वर्षं आणि मशीनची २ वर्षं पुरे. २० वर्षांचं रूट बनवू नका : जुनी ३२ बिटची मशीन १९ जानेवारी २०३८ नंतरची तारीख वाचताना गडबडतात.

की, म्हणजे सर्टिफिकेटची गुप्त किल्ली, मशीनवरच तयार करा, बाहेर फक्त सीएसआर (सर्टिफिकेटच्या मागणीची) फाइल आणा. ज्या मशीनला हे जमत नाही त्याच्यासाठी लॅपटॉपवर की बनवून पासवर्ड लावलेल्या पीएफएक्स फाइलमधून (की आणि सर्टिफिकेट एकत्र ठेवणारी फाइल) न्या. पासवर्ड त्याच पेनड्राइव्हवर नको. पेनड्राइव्ह या कामापुरताच ठेवा. रूट भरताना त्याचा एसएचए-२५६ फिंगरप्रिंट (फाइलची ओळख पटवणारी अक्षर-आकड्यांची ओळ) पूर्ण ६४ अक्षरं जुळवा, शेवटची चार बघून सोडू नका.

सगळ्यात जास्त घोळ नावात होतो. मशीन इमेज घेणाऱ्या सर्व्हरला १९२.१६८.१.२० अशा आयपीने, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्याने, शोधत असेल, तर सर्व्हरच्या सर्टिफिकेटमध्ये पर्यायी नावांच्या रकान्यात तोच आयपी, आयपी म्हणूनच, हवा. नुसत्या कॉमन नेमवर, म्हणजे मुख्य नावाच्या रकान्यावर, नवीन सॉफ्टवेअर विश्वास ठेवत नाही. लागू होण्याची तारीख एक दिवस मागची द्या. सर्टिफिकेटमधली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असते, आपली साडेपाच तास पुढे, आणि मशीनचा टाइमझोन चुकलेला असला की नवंकोरं सर्टिफिकेटही नाकारलं जातं. डॉक्टर आयपॅडवर इमेज बघत असतील तर त्या सर्व्हरची मुदत ८२५ दिवसांपेक्षा जास्त नको.

क्रम असा : नवं रूट दोन्ही टोकांना, मग मशीनचं सर्टिफिकेट, मग सर्व्हिस रीस्टार्ट. हा रीस्टार्ट हमखास राहतो. बरीच सॉफ्टवेअर फाइल फक्त सुरू होताना वाचतात, त्यामुळे बदलूनही जुनंच चालू राहतं आणि मुदतीच्या दिवशी बंद पडतं. शेवटी सी-एको (जोडणी तपासणारा चाचणी संदेश) करून एका खोट्या पेशंटची इमेज पाठवून बघा. ती पोचेपर्यंत जुनं रूट काढू नका.

रद्द सर्टिफिकेटची यादी, म्हणजे सीआरएल, तपासायचं बंधन एखाद्या मशीनवर असेल तर लक्षात ठेवा : त्या यादीलाही मुदत असते. ती उलटली की चांगलं सर्टिफिकेटही नापास होतं.

नूतनीकरण ६० दिवस आधी सुरू करा आणि संपायची तारीख दिवाळीच्या आठवड्यात येऊ देऊ नका.

प्रश्न : लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट सर्टिफिकेट हाताने भरत राहिलो तर? — फिजिशियन, हिंगोली

उत्तर : थकाल. त्यांची नेहमीची मुदत ९० दिवसांची. विकतची घेतली तरी सुटका नाही : सार्वजनिक (ब्राउझर आपोआप मानतात अशा) सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १००, आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस अशी ठरली आहे. स्वतःच्या रूटला हा नियम लागू नाही.